समुद्र नसलेल्या गावाहून पाण्याच्या शोधात

कालिंदी कुंजचा पूल ओलांडताना पहाटेच्या उजेडात यमुनेवर पांढऱ्या फेसाचे पुंजके तरंगताना दिसले आणि मागच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा नातू आनंदाने ओरडला, "आजी, समुद्र! बघ ना, केवढा फेस!"

आजी मूळच्या गुहागरच्या. निम्मा जन्म समुद्राची गाज ऐकण्यात गेलेला. त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिले, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "नाही रे राजा. समुद्राच्या फेसाला असा वास नसतो. हा साबणाचा फेस."

आजींचे खरेच होते. दिल्लीचे सांडपाणी यमुनेत येते, त्यात कपडे धुण्याच्या पावडरींचा अंश असतो, आणि ओखल्याच्या बंधाऱ्यावरून पाणी खाली आदळले की ते घुसळून फेस उठतो. पावसाळा ओसरून नदीचे पाणी कमी होऊ लागले की हा फेस वाढतो. लांबून छायाचित्रात तो बर्फासारखा सुंदर दिसतो. जवळून मात्र गाडीची काच वर करावीशी वाटते.

नोएडा हे नावही या ओखल्यावरूनच आले आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी 'न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी' स्थापन झाली आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचेच गाव झाले. एका बाजूला यमुना, दुसऱ्या बाजूला हिंडन. दोन नद्यांमध्ये वसलेल्या या गावात पाय बुडवावेत असे पाणी मात्र नाही. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे फार जाणवते. शनिवार-रविवार आला की मुले विचारतात, 'कुठे जायचं?' आणि वडीलधाऱ्यांना अलिबाग, गणपतीपुळे, वज्रेश्वरी, आंबोली आठवू लागते. कोकणात एका रस्त्यावर समुद्र, धबधबा आणि गरम पाण्याचे झरे तिन्ही भेटतात. नोएडाहून मात्र सर्वांत जवळचा समुद्र हजारएक किलोमीटरवर, गुजरातच्या किनाऱ्याला.

तरीही दोन दिवसांत, स्वतःच्या गाडीने, धबधबा आणि कढत कुंड नक्की गाठता येते. समुद्राची हौस भागत नाही, पण त्याच्या बदली एक तळे मिळते. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशा ज्या कुटुंबाची ही सहल, त्यांनी अरवलीच्या डोंगरांतली वाट धरली होती : नोएडा, सरिस्का, सिलीसेढ, अलवर, फिरोझपूर झिरका, सोहना आणि परत घर.

मुहूर्त कोणता?

दिल्ली-नोएडाची माणसे धबधबा म्हटला की डेहराडून-मसुरीकडे धावतात. केम्प्टी आणि सहस्रधारा ही नावे सगळ्यांच्या तोंडी आहेत. हिमालयातले पाणी मोठे खरे, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. सप्टेंबर २०२५ च्या मध्याला सहस्रधारेच्या परिसरात असा पाऊस कोसळला की एका रात्रीत काठची दुकाने वाहून गेली. अरवलीचे डोंगर लहान आणि म्हातारे आहेत. जगातल्या अतिप्राचीन डोंगरांत त्यांची गणना होते. इथला पाऊसही बेताचा, आणि त्यामुळेच धबधबा पाहायचा तर वेळ साधावी लागते. मे महिन्यात तिथे गेलात तर कोरडा कातळ बघून परत याल.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाणी असते. पण जुलै-ऑगस्टमध्ये निघताना पंचांग नीट पाहावे, कारण इथे मराठी माणसाची हमखास फसगत होते. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आषाढ वद्य पक्ष चालू असतो, तेव्हा उत्तरेत श्रावण लागलेला असतो. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या दिव्यांच्या अवसेपर्यंत हरिद्वारहून गंगाजलाच्या कावडी घेऊन लाखो भाविक पायी निघतात. राजस्थानकडे जाणारे कावडिये याच वाटेने येतात आणि रस्ते त्यांच्यासाठी राखले जातात. तो पंधरवडा टाळावा. भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे गौरी जेवतात तेव्हा, सरिस्काच्या जंगलात पांडुपोलची जत्रा असते. जत्रेची हौस नसेल त्यांनी तेही दिवस सोडावेत.

या कुटुंबाने गणपती विसर्जनानंतरचा पहिला शनिवार निवडला. पाऊस संपत आलेला, डोंगर हिरवे, आणि ऊन अजून पोळत नाही असे. शनिवारच का, तेही महत्त्वाचे आहे. पांडुपोलचे देऊळ व्याघ्रप्रकल्पाच्या आत आहे आणि भाविकांना आत सोडण्याचे दिवस वर्षानुवर्षे मंगळवार आणि शनिवार असे ठरलेले आहेत. पूर्वी लोक आपल्या गाड्या थेट देवळापर्यंत नेत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खासगी गाड्या थांबवून विजेवर चालणाऱ्या बसगाड्या ठेवण्याच्या बाजूने निर्णय दिला. त्यामुळे निघण्यापूर्वी सरिस्काच्या प्रवेशद्वारावर काय व्यवस्था आहे याची चौकशी करूनच निघावे. आदल्या रात्री केलेला एक फोन दोनशे किलोमीटरचा मनस्ताप वाचवतो.

भीमाने फोडलेली वाट

पहाटे साडेपाचला निघून, फरिदाबादवरून नव्या दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाला लागले की सोहना मागे पडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये खुल्या झालेल्या सोहना-दौसा टप्प्याने अलवर खूप जवळ आणले आहे. अर्थात या रस्त्यावर टपरीवरचा चहा मिळत नाही. म्हणून सुनेने थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. अलवर ओलांडून सरिस्काच्या दाराशी पोहोचायला साडेनऊ वाजले. अलवरपासून हे दार सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे आणि तिथून आत पांडुपोल आणखी वीसेक किलोमीटर.

हा वीस किलोमीटरचा रस्ताच अर्धी सहल आहे. दोन्ही बाजूंना धोकाची झाडे, मधूनच पाणवठा, त्याच्या काठाने सांबरांचा कळप, झाडावर वानरांची टोळी, आणि मोर तर इतके की मुलांनी थोड्या वेळाने मोजणे सोडून दिले. वाघ दिसेल या आशेने धाकट्याने खिडकी सोडली नाही. तो दिसला नाही, आणि सहसा दिसतही नाही. २००५ मध्ये तर या जंगलात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले होते. चोरट्या शिकारीने सगळे संपवले होते. मग २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून सोडले गेले. आज इथे चाळीसहून अधिक वाघ आहेत. संपलेला वाघ पुन्हा आणून रुजवण्याचा इतका मोठा प्रयत्न देशात त्याआधी झाला नव्हता.

पांडुपोलचे देऊळ हनुमंताचे, पण मूर्ती उभी नाही, पहुडलेली आहे. कथा आपल्याला ठाऊकच आहे. वनवासात वाटेत एक म्हातारे वानर शेपूट पसरून पडले होते. भीमाने दरडावून शेपूट बाजूला घ्यायला सांगितले. वानर म्हणाले, 'तूच उचल.' भीमाला ती हलवताही आली नाही, तेव्हा हे वानर म्हणजे आपला थोरला बंधू मारुती, हे त्याला कळले. ते ठिकाण हेच, असे इथले लोक मानतात. देवळावरून दगडधोंड्यांच्या वाटेने थोडे वर चढले की समोर उभा कातळ आणि त्यात आरपार मोठे भगदाड दिसते. 'पोल' म्हणजे दरवाजा. पांडवांना पुढे जायला वाट नव्हती म्हणून भीमाने गदेने ती फोडली, अशी आख्यायिका आहे. त्या दरवाजातूनच पाणी खाली येते.

आंबोली पाहिलेल्यांनी फार मोठ्या अपेक्षेने जाऊ नये. इथले पाणी धो धो कोसळत नाही. कातळाच्या चौकटीतून ते एका धारेने उतरते, खालच्या डोहात पडते आणि धोंड्यांमधून वाट काढत देवळाकडे जाते. पण भोवतीचे सगळे रान वर्षातले आठ महिने तहानलेले असते हे ध्यानात घेतले की या एका धारेचे मोल कळते. आजी दगडावर बसून पाण्यात पाय सोडून राहिल्या. नातवाला डोहात उतरायचे होते.

"आई, उतरू दे का गं याला? उथळ तर आहे," मुलाने विचारले.

"उथळ दिसतंय तेच वाईट," आजी म्हणाल्या. "वर डोंगरात पाऊस पडला तर इथं काय कळणार आपल्याला? काठावर बसून भिजू दे हवा तेवढा."

ही आजींची भीती नव्हती, अनुभव होता. धबधब्यावर जीव जातात ते बहुधा दोन कारणांनी. एक, शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरून. दुसरे, वरच्या अंगाला झालेल्या पावसाचे पाणी अचानक येऊन. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि मैलभर वर ढग रिकामा झालेला असतो. पाणी एकदम गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा त्याचा आवाज बदलला, तर चपला शोधत बसू नये, आधी उंच जागी जावे. डोहाचा तळ दिसत नसेल तर उडी मारू नये. अलवरच्या जवळ गरभाजीचा धबधबा आहे, पावसाळ्यात तिथे तरुणांची झुंबड उडते. वाट निसरडी असल्याने लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर तिकडे न गेलेलेच बरे.

आणखी एक गोष्ट. खाण्याचा डबा देवळाजवळ उघडू नका. वानरे पिशवीची चेन उघडायला शिकलेली आहेत. आणि भाविकांनी प्रेमाने दिलेल्या केळ्या-चण्यांनी ती जंगलातले खाणे विसरत चालली आहेत.

समुद्राऐवजी सिलीसेढ

दुपार कलल्यावर परत अलवरच्या दिशेने निघाले की, शहर पंधराएक किलोमीटरवर राहिलेले असताना, सिलीसेढचा फाटा लागतो. वळण घेताच तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधे पसरलेले पाणी एकदम समोर येते. इतका वेळ पेंगत असलेला नातू उठून बसला. पलीकडचा काठ धूसर होता, वाऱ्याने लहान लहान लाटा उठत होत्या.

"हा तरी समुद्र आहे का?"

"नाही," आजी म्हणाल्या. "पण शोभतोय."

अलवरचे महाराजा विनयसिंह यांनी १८४५ मध्ये इथे बांध घालून हे पाणी अडवले. काठावर त्यांनी आपल्या शीला नावाच्या राणीसाठी महाल बांधला. पुढे राजस्थान पर्यटन खात्याने तिथे हॉटेल केले. प्रवासी या महालाची छायाचित्रे काढतात. खरे पाहण्याजोगे काम मात्र रस्त्याच्या कडेने जाते, आणि त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. तलावाचे पाणी अलवर शहरापर्यंत नेण्यासाठी दगडी कमानींवरून बांधलेला पाट आहे तो. औरंगाबादची पाणचक्की आणि नहर पाहिलेल्यांना त्याची किंमत कळेल. महाल हौसेचा होता, पाट गरजेचा.

पाऊस चांगला झाला की तलाव भरून सांडव्यावरून पाणी पातळ पडद्यासारखे वाहू लागते. त्याला इथे 'चादर चलना' म्हणतात. ज्या वर्षी चादर चालते त्या वर्षी अलवरची माणसे सहकुटुंब ती पाहायला येतात, पुण्याची माणसे खडकवासला भरला की जातात तशीच.

आता सर्वांत महत्त्वाचे. सिलीसेढमध्ये मगरी आहेत. थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, पावसाळ्यात दिसत नाहीत, पण असतात. तेव्हा पाण्यात पाय सोडून बसणे, मुलांना काठाच्या चिखलात खेळू देणे, हात-पाय धुवायला खाली उतरणे हे इथे बिलकूल नको. नौकाविहार करायचा तर जीवरक्षक जाकीट घालून, आणि हात होडीबाहेर न काढता. हे ऐकून नातवाची समुद्राची तहान तिथल्या तिथे भागली. नंतरचा तासभर तो पाण्यातल्या प्रत्येक ओंडक्याकडे बोट दाखवून 'मगर! मगर!' म्हणत राहिला. सूर्य डोंगराआड गेला तसे पाणी आधी तांबूस, मग शिसवी झाले. गच्चीवर चहा घेत बसलेल्या आजींना गुहागरच्या बागेत संध्याकाळी येणारा वारा आठवला. सुनेने हळूच त्यांच्या अंगावर शाल टाकली.

बांध घालणाऱ्यांचा मुलूख

रविवारी सकाळी दोन वाटा असतात. एक अलवर-नारायणपूर रस्त्यावरच्या तालवृक्षाकडे जाते. मांडव्य ऋषींची तपोभूमी म्हणून ते मानले जाते आणि गरम व गार पाण्याच्या जोडकुंडांसाठी प्रसिद्ध आहे. दुसरी वाट थानागाजीवरून भीकमपुऱ्याकडे. तिथे पाहायला देऊळ नाही, महाल नाही. या कुटुंबाने तीच धरली, कारण मोठ्या नातीच्या पुस्तकात 'जोहड' हा धडा होता.

जोहड म्हणजे उतारावरून येणारे पावसाचे पाणी अडवायला घातलेला चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा बांध. आपल्याकडच्या पाझर तलावाचा हा जुना भाऊ. राजवटी बदलल्या, जंगल तुटले, बांध फुटले आणि १९८५ च्या सुमारास हा भाग इतका कोरडा झाला होता की तरुण गाव सोडून दिल्ली-अहमदाबादला मजुरीला जात होते. त्या वर्षी राजेंद्रसिंह आपल्या सोबत्यांसह इथे आले. त्यांची 'तरुण भारत संघ' ही संस्था. शाळा-दवाखाना काढायचा त्यांचा विचार होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितले की आम्हाला औषध नको, पाणी हवे, आणि पाणी कसे अडवायचे ते आम्ही दाखवतो. गोपालपुऱ्यात जोहड खोदायला सुरुवात झाली. गाळ निघाला, पाणी साचले, विहिरींना उतरले. मग पुढचे गाव, मग त्याच्या पुढचे. दहा वर्षांत अरवरी नावाची पावसापुरतीच वाहणारी नदी पुन्हा बारमाही वाहू लागली. नदी जिवंत झाली तशी तिच्या पाण्यावर हक्क सांगणारेही आले, तेव्हा काठच्या सत्तरएक गावांनी १९९९ मध्ये स्वतःची 'अरवरी संसद' स्थापन करून पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकाला घ्यायचे याचे नियम केले. राजेंद्रसिंहांना २००१ मध्ये मॅगसेसे आणि २०१५ मध्ये स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला.

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. नवल वाटते ते ठिकाणाचे. दिल्लीपासून दोनशे किलोमीटरवर, वाळवंटाच्या उंबरठ्यावर, बाभळीच्या सावलीत पाण्याने भरलेला जोहड, त्यात डुंबणाऱ्या म्हशी आणि काठावर हिरवी ज्वारी.

झिर आणि झरा

परतीच्या वाटेवर अलवरला थांबून कलाकंद घ्यायचाच. इथे त्याला मिल्क केकही म्हणतात. दूध आटवून, फाडून, दाणेदार करून मोठ्या साच्यात ओततात आणि हळूहळू निवू देतात. मधला भाग तासन्‌तास गरम राहतो, म्हणून तो तपकिरी होतो. कडेचा पांढरा आणि मधला तपकिरी असे दोन्ही असेल तो अस्सल. गावाबाहेर दिसणारी शेते कांद्याची. नाशिककरांनी नाके मुरडू नयेत. लासलगावचा साठवणीचा कांदा संपत येतो तेव्हा देशाला हाच लाल कांदा आधार देतो.

अलवरच्या पूर्वेला लासवारी आहे. १ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे शिंद्यांच्या फौजेची आणि जनरल लेकची शेवटची मोठी लढाई झाली. त्याआधी ११ सप्टेंबरला याच लेकने दिल्लीच्या लढाईत शिंद्यांचा पराभव केला होता, आणि त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. म्हणजे हे कुटुंब राहते तिथून मराठ्यांची उत्तरेतली सत्ता ढळू लागली आणि ते फिरायला आले तिथे ती मोडली. लासवारीला आपले पायदळ इतक्या निकराने लढले की लेकने स्वतः पत्रात त्याची तारीफ केली. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. मुलाने हे सगळे गाडी चालवता चालवता सांगितले. आजी म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तो खांब दाखव मला."

जाताना घेतलेला द्रुतगती मार्ग येताना सोडून द्यावा आणि जुन्या रस्त्याने फिरोझपूर झिरक्यावरून यावे. 'झिरका' हे नाव डोंगराच्या घळीतल्या झऱ्यावरून पडले आहे. कातळाच्या फटींतून बारमाही झिरपणाऱ्या त्या पाण्याला इथे 'झिर' म्हणतात. आपल्याकडे नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून काढतात तो झिरा, झिरपणे, झरा! सहाशे मैलांवर घरचा शब्द भेटला. घळीत महादेवाचे देऊळ आहे. उरलेल्या पुऱ्या तिथेच संपल्या.

सोहन्याचे कढत पाणी

दोन दिवसांच्या चालण्याने अंग आंबलेले असते, म्हणून गरम पाण्याचे कुंड शेवटी ठेवले होते. ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नोएडापासून सोहना जेमतेम साठ किलोमीटर. बरेच लोक सकाळी उठून तिथे जातात, कुंडात उतरतात आणि पुढचा सगळा दिवस गळून गेल्यासारखे काढतात.

अरवलीच्या पायथ्याशी, जुन्या बाजाराच्या गर्दीत शिवकुंड आहे. कित्येक शतकांपूर्वी चतुर्भुज नावाचा बंजारा आपला तांडा घेऊन जाताना इथे पाण्याच्या शोधात थांबला आणि हे पाणी त्याला सापडले, अशी दंतकथा आहे. सोमवती अमावास्येला इथे पाय ठेवायला जागा नसते. मूळ झऱ्याचे तापमान ४६ ते ५१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असल्याची जुनी नोंद आहे. हौदात ते थोडे निवते. स्त्रियांच्या स्नानाची सोय वेगळी आहे. स्वच्छता देवळात असावी तशी नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सकाळी लवकर गेल्यास पाणी त्यातल्या त्यात नितळ मिळते. हरयाणा पर्यटन खात्याने आपल्या विश्रामस्थानांना पक्ष्यांची नावे दिली आहेत. सोहन्याच्या टेकडीवरच्या वास्तूचे नाव 'बार्बेट', म्हणजे आपला तांबट पक्षी.

हे पाणी गरम का? खाली ज्वालामुखी आहे म्हणून नव्हे. पावसाचे पाणी अरवलीच्या कातळातील भेगांतून खोल उतरते. जमिनीत खोल जावे तसे तापमान दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी वाढत जाते. तिथे तापलेले पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून पुन्हा वर येते. वज्रेश्वरीला, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला हेच घडते. सडक्या अंड्यासारखा वास गंधकयुक्त वायूचा. म्हणजे आज जे पाणी अंगावर घ्यायचे ते कोणे एके काळी याच डोंगरावर पाऊस होऊन पडलेले असते. यातला धोकाही इथेच आहे. डोंगर फोडला, त्याच्या पायथ्याशी बोअर मारून पाणी उपसले, तर झऱ्याची वाट तुटू शकते. सोहन्याभोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. ७ मे १९९२ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने गुडगाव आणि अलवर जिल्ह्यांतल्या अरवलीत खाणी-बांधकामांवर बंधने आली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद, गुडगाव आणि मेवात भागातल्या अरवलीतील खाणकाम थांबवले. तोवर बरेचसे डोंगर गिट्टी होऊन दिल्लीच्या इमारतींत गेले होते. नोएडातल्याही असतील.

आजींना रक्तदाब आहे. म्हणून कुंडात गळ्यापर्यंत बसायचे नाही, पायऱ्यांवर बसून गुडघ्यांपर्यंत पाय सोडायचे, असे सुनेने बजावून ठेवले होते.

"अगं, उन्हवऱ्याला आम्ही तासतासभर बसायचो," आजींनी कुरकुर केली.

"तेव्हा तुम्ही वीस वर्षांच्या होतात, आई."

सुनेचे बरोबर होते. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब एकदम उतरतो आणि कुंडातून झटकन उठले की भोवळ येते. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गर्भवतींनी टाळावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांना संवेदना कमी असते त्यांनी पाय घालण्याआधी हाताने पाणी पाहावे, नाही तर भाजलेले कळत नाही. धडधाकट माणसालाही दहा मिनिटे पुरेत. भरल्या पोटी उतरू नये, बाहेर आल्यावर पाणी प्यावे. मुलांना डुबकी मारू देऊ नये, नाकात पाणी जाणे चांगले नाही. उघड्या जखमा असतील तर कुंडापासून लांब राहावे. गंधकाच्या पाण्याने खरूज-गजकर्ण जाते अशी श्रद्धा आहे, आणि तेच रोग घेऊन लोक सार्वजनिक हौदात उतरतात हेही विसरू नये. घरी पोहोचल्यावर स्वच्छ पाण्याने आंघोळ करावीच.

पंधरा मिनिटे पाय शेकून आजी उठल्या तेव्हा गुडघे हलके झाल्याचे त्यांनी तीनदा सांगितले. कालिंदी कुंजचा पूल आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. नातू आजींच्या मांडीवर झोपला होता, त्यामुळे त्याला खालचा फेस दाखवायची वेळ आली नाही.

सोमवारी सकाळी मात्र सुनेच्या पायांतली चांदीची जोडवी आणि पैंजण काळेकुट्ट पडलेले दिसले. गंधकाच्या पाण्यात चांदी काळवंडते, ती उतरवून ठेवायला हवी हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. सून ऑफिसला गेल्यावर आजी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसल्या, वाटीत दंतमंजन घेतले आणि एक एक जोडवे घासू लागल्या.